बँक बुडाली तर आपलं काय बुडतं?

(डोंबिवलीतील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डोंबिवलीत बँकेबद्दल बोलायचं तर जरा जपूनच बोलावं लागतं. इथे बँक म्हणजे ओळखीची माणसं. संचालक गणपतीच्या वर्गणीला दारात येऊन गेलेले असतात आणि काउंटरवरच्या बाई पासबुक उघडायच्या आत घरच्यांची चौकशी करतात. डोंबिवली नागरी १९७०ची, ठाणे जनता १९७२ची, कल्याण जनता १९७३ची. चार वर्षांच्या आत या पट्ट्यात तीन सहकारी बँका उभ्या राहिल्या, त्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या पगारदारांच्या बचतीवर आणि एकमेकांच्या भरवशावर. मी आज बुडालेल्या बँकांची नावं घेणार आहे, त्यांत या तिघी नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर उद्या सकाळी व्हॉट्सॲपवर माझ्या नावाने भलतंच काहीतरी फिरायचं!

मला सांगायचं आहे ते थोडक्यात असं. बँक बंद पडली की छोट्या ठेवीदाराचा पैसा सहसा बुडत नाही, त्याचा वेळ बुडतो. मोठ्या ठेवीदाराचं दोन्ही बुडू शकतं. आणि छोटा कोण, मोठा कोण, हे ठरतं पैसा कुठे, किती आणि कुणाच्या नावावर ठेवला आहे त्यावरून. हे आपल्या हातात आहे. बाकीचं फारसं काही आपल्या हातात नाही.

सोमवार, २३ सप्टेंबर २०१९. रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसीवर, निर्बंध घातले. मंगळवारी सकाळी खातेदारांच्या मोबाइलवर व्यवस्थापकीय संचालकांच्या नावाने संदेश आला आणि बघता बघता भांडुपच्या मुख्यालयापासून थेट गावोगावच्या शाखांपर्यंत लोक शटरसमोर उभे राहिले. हुकूम असा होता की खात्यात पाच हजार असोत की पन्नास लाख, एक हजार रुपये काढता येतील. महिन्याला हजार नव्हे, सहा महिन्यांत मिळून हजार! दिवाळी महिन्यावर आलेली. कुणाचं घराचं टोकन द्यायचं होतं, कुणाचं ऑपरेशन ठरलेलं होतं. ओरड झाली तशी मर्यादा वाढत गेली. तीन दिवसांत १० हजार, मग २५, ४०, ५० आणि जून २०२० मध्ये एक लाख.

ही बँक काही कोपऱ्यातली नव्हती. १९८४ साली शीवला सुरू झालेली, १३७ शाखांची, सुमारे साडेअकरा हजार कोटींच्या ठेवींची. २०१८-१९च्या अहवालात नफा शंभर कोटींच्या घरात आणि ढोबळ अनुत्पादक कर्जं पावणेचार टक्के. अहवाल वाचून कुणीही म्हणालं असतं, उत्तम बँक आहे. प्रत्यक्षात एकूण कर्जांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश, साडेसहा हजार कोटींच्या वर रक्कम, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. ते झाकायला २१,०४९ बनावट खाती रचली होती. म्हणजे हिशेब चुकला नव्हता, हिशेबच बनवलेला होता. असा अहवाल सामान्य ठेवीदाराने चष्मा लावून कितीही वाचला तरी त्याला काय कळणार?

आता ठेवीदारांना काय मिळालं ते बघू. निर्बंध आले सप्टेंबर २०१९ मध्ये. २५ जानेवारी २०२२ रोजी पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मधले अठ्ठावीस महिने नुसतं थांबणं. विलीनीकरणाच्या योजनेत वैयक्तिक ठेवीदाराला आधी ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंत मिळाले. त्यावरची रक्कम हप्त्यांनी ठरली: एक वर्षानंतर ५० हजारांपर्यंत, दोन वर्षांनी आणखी ५० हजार, तीन वर्षांनी एक लाख, चार वर्षांनी अडीच लाख, पाच वर्षांनी साडेपाच लाख. बेरीज केलीत तर पाच वर्षांत पंधरा लाख होतात. त्याहून जास्त असेल ते दहा वर्षांनी, म्हणजे २०३२ साली. व्याज ३१ मार्च २०२१ला थांबलं. पाच वर्षं उलटल्यावर जे शिल्लक राहील त्यावर पावणेतीन टक्के.

समजा निर्बंध आले तेव्हा पासष्ट वर्षांच्या असलेल्या एखाद्याने निवृत्तीचे वीस लाख या एकाच बँकेत, एकाच नावावर ठेवले होते. कागदोपत्री त्याचा एक रुपयाही बुडाला नाही. पण शेवटचे पाच लाख हातात येतील तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा असेल, आणि मधल्या काळात डाळ, औषधं आणि सोसायटीचा मेंटेनन्स कुठल्या भावाला गेला असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

याच्या शेजारी, पैसा कमी वेळात कसा सुटतो त्याचं उदाहरण म्हणून, न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक ठेवा. जॉर्ज फर्नांडिसांनी १९६८ साली कामगारांसाठी उभी केलेली ही बँक. १३ फेब्रुवारी २०२५ला निर्बंध आले, कारण तिजोरीतल्या १२२ कोटींच्या रोकडीचा अपहार. दुसऱ्या दिवशी मुंबई-ठाण्यात पुन्हा त्याच रांगा. पण ऑगस्टच्या ४ तारखेला ती सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवीदारांची पूर्ण जबाबदारी सारस्वतने घेतली. सहा महिन्यांच्या आत विषय मिटला. दोन्ही बँकांत गैरव्यवहारच झाला, पण भोक किती मोठं आणि ते बुजवायला सक्षम बँक पुढे येते का, यावर सगळं ठरलं. ठेवीदाराच्या हुशारीचा त्यात काही भाग नव्हता.

तारखेचा खेळ किती विचित्र असतो ते सीकेपी बँकेने दाखवलं. १९१५ साली स्थापन झालेली, मध्यमवर्गीय मराठी घरांतली जुनी बँक. २०१४ मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला एप्रिल २०२०च्या अखेरीस. सहा वर्षं! रिझर्व्ह बँकेने त्या वेळी सांगितलं की ९९.२ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल. त्यामागची गंमत अशी की विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली ती ४ फेब्रुवारी २०२०ला. परवाना तीन महिने आधी रद्द झाला असता तर तीन-चार लाखांची ठेव असलेल्याला एक लाखच मिळाला असता. सहा वर्षं ज्यांनी शिव्या दिल्या, त्यांचं रखडल्यामुळेच भलं झालं. यावरून कायदा करणाऱ्यांनी काय तो बोध घ्यावा.

हा विमा आला कुठून? त्याचं मूळ अर्धं महाराष्ट्रातलं आहे. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळली. संसदेने १९६१ साली कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ सुरू झालं. अमेरिकेने १९३३च्या मंदीत हा मार्ग काढला होता. आपण तो लवकर उचलणाऱ्या देशांपैकी एक. पहिली मर्यादा दीड हजार रुपये होती. नंतर पाच हजार, दहा, वीस, तीस हजार. १ मे १९९३ला एक लाख. आणि मग सत्तावीस वर्षं ती हललीच नाही! या सत्तावीस वर्षांत डोंबिवलीतल्या वन रूम किचनची किंमत कुठून कुठे गेली ते मी तुम्हाला सांगायला नको.

विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही. शंभर रुपयांच्या ठेवीला वर्षाला १२ पैसे हा सरसकट दर सगळ्या बँकांना सारखाच लागत आला. नीट चालणारी आणि डगमगणारी, दोघींना एकच दर. आता जोखमीप्रमाणे दर आणि सशक्त बँकेला सवलत, अशी पद्धत रिझर्व्ह बँकेने जाहीर केली आहे. उशिरा का होईना, बरं झालं.

पैसे मिळायला पूर्वी परवाना रद्द व्हावा लागे. १ सप्टेंबर २०२१ पासून कायदा बदलला. आता सर्वसमावेशक निर्बंध लागले की नव्वद दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम देण्याची तरतूद आहे. पहिले पंचेचाळीस दिवस बँकेने यादी द्यायची, पुढच्या पंचेचाळीस दिवसांत महामंडळाने तपासून पैसे द्यायचे. कल्याणला लागून असलेल्या उल्हासनगरातल्या कोणार्क अर्बन बँकेवर एप्रिल २०२४ मध्ये निर्बंध आले ते या नव्या कायद्याच्या काळात. यात एक बारकावा आहे. पैसे आपोआप येत नाहीत. ठेवीदाराने शाखेत जाऊन संमतीपत्र भरायचं असतं, ओळखीचा पुरावा द्यायचा असतो आणि दुसऱ्या एखाद्या बँकेतलं खातं कळवायचं असतं. ज्यांचं केवायसी अर्धवट, ज्यांच्या नावाचं स्पेलिंग आधारवर वेगळं, ज्यांचं दुसऱ्या बँकेत खातंच नाही, ते मागे राहतात. हे सगळे बहुधा म्हातारे असतात. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचं दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं असू द्या आणि केवायसी वेळेवर करून घ्या.

आता पाच लाख मोजतात कसे? इथे फार गैरसमज आहेत. मर्यादा एका माणसाला एका बँकेत. त्याच बँकेच्या फडके रोडच्या शाखेत तीन लाख, मानपाडा रोडला तीन आणि कल्याणला तीन ठेवले तर ते नऊ लाख धरतात आणि पाच देतात. बचत, चालू, आवर्ती, मुदत, सगळं एकत्र. पाच लाखांत व्याजही आलं, म्हणून बरोबर पाच लाखांची पावती करणाऱ्याचं व्याज उघडं पडतं. साडेचार ठेवा. दुकानाचं मालकी हक्काचं चालू खातं मालकाच्या वैयक्तिक ठेवींतच मिळवतात. त्या बँकेचं कर्ज असेल तर ते वजा होतं. नॉमिनीचं नाव लावल्याने विमा वाढत नाही, पण नाव मात्र अवश्य लावा. आता चारपर्यंत नावं लावता येतात.

संयुक्त खात्याचं गणित वेगळं आणि आपल्या फायद्याचं आहे. समजा निवृत्त नवरा-बायको आहेत. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर एक ठेव, बायकोच्या एकटीच्या नावावर दुसरी, नवरा पहिला आणि बायको दुसरी अशी तिसरी, बायको पहिली आणि नवरा दुसरा अशी चौथी. या चारही वेगळ्या धरल्या जातात आणि प्रत्येकीला स्वतंत्र पाच लाख मिळतात. म्हणजे एका बँकेत एका जोडप्याचे वीस लाख सुरक्षित राहू शकतात, तेही कायद्याच्या चौकटीत. बँकेतल्या फॉर्मवर नावांचा क्रम कसा लिहिता यावर पाच लाख अवलंबून असतात, आणि आपण तो फॉर्म ‘द्या, सही कुठे करू?’ म्हणून भरतो.

आणखी एक. तुमच्या ठेवी दोन बँकांत आहेत आणि त्या दोन बँका एक झाल्या, तर विम्याच्या दृष्टीने ती एकच बँक होते आणि मर्यादाही एकच. विलीनीकरणं वाढली आहेत. बातमी आली की आपली वही काढून बघा.

देशभराचा आकडा असा: मार्च २०२४ अखेर सुमारे ९८ टक्के खाती पूर्णपणे विम्याच्या छत्राखाली होती, पण रकमेच्या हिशेबाने जेमतेम ४३ टक्के. बहुतेक माणसं सुरक्षित आहेत, बहुतेक पैसा नाही. उरलेल्या पैशाला आधार बँकेच्या तब्येतीचा आणि रिझर्व्ह बँकेच्या नजरेचा.

छत्राबाहेर काय आहे? पतसंस्था. तिच्यातली ठेव या विम्यात येत नाही, पावती कितीही बँकेसारखी दिसली तरी. कंपन्यांच्या मुदत ठेवी येत नाहीत. सहकारी बँकेत तुम्ही सभासद आहात, तुमचे शेअर आहेत, तर ते भागभांडवल आहे. त्यालाही विमा नाही. लॉकरमधला ऐवज तुमचाच राहतो, त्याचा ठेव विम्याशी संबंध नाही. आणि सराफाकडची सुवर्ण भिशी तर मुळीच नाही. २०१९च्या त्याच दिवाळीत, पीएमसीच्या पाठोपाठ, गुडविन ज्वेलर्सच्या दुकानांना कुलपं लागली. डोंबिवली-ठाण्यातल्या अनेक घरांनी तिथे दर महिन्याला पैसे भरले होते, कुणी १६ टक्क्यांच्या आशेने ठेवीही ठेवल्या होत्या. धनत्रयोदशीला दागिना घ्यायला गेलेल्यांना शटर दिसलं आणि मग पोलीस ठाण्याची पायरी. अशा फसवणुकीसाठी महाराष्ट्रात १९९९चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, मालमत्ता जप्त होते, पण लिलाव होऊन पैसा हातात यायला किती काळ जातो ते भोगलेल्यांना विचारा. बँक साडेसात देत असताना कुणी सोळा देतो म्हणाला, तर वरचे साडेआठ कशाचे, एवढं विचारायला तरी काय हरकत आहे?

आता या शहरांपुरता एक मुद्दा, जो मला सर्वांत काळजीचा वाटतो. गृहनिर्माण सोसायट्या. आपल्याकडे तीस-चाळीस वर्षांच्या इमारती आहेत, त्यांचा सिंकिंग फंड आहे, दुरुस्ती निधी आहे. सहकार कायद्याचं वळण असं की हा पैसा मुख्यतः सहकारी बँकांतच जातो, आणि बहुधा कोपऱ्यावरच्या एकाच बँकेत, कारण सेक्रेटरीला तिथे जायला सोपं. सोसायटी म्हणजे एक ठेवीदार. चाळीस बिऱ्हाडांचे मिळून तीस लाख असले तरी विमा पाच लाखांचाच. घरातल्या पैशाची आपण चार ठिकाणी वाटणी करतो आणि चाळीस घरांचा पैसा एका टोपलीत ठेवतो. येत्या वार्षिक सभेत पार्किंगचं भांडण सुरू व्हायच्या आधी हा विषय घ्या.

तुम्ही म्हणाल, मग सगळं काढून सरकारी बँकेत टाकावं का? विम्याची मर्यादा तिथेही पाच लाखच. पण अनुभव असा की मोठी व्यापारी बँक अडचणीत आली तर तिला सांभाळून घेतात. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली महिनाभरात आयडीबीआयमध्ये गेली. येस बँकेवर मार्च २०२० मध्ये ५० हजारांची मर्यादा आली, ती तेरा दिवसांत उठली. ठेवीदारांचं काही गेलं नाही. पोस्टाच्या योजनांना तर सरकारचीच हमी असते. ज्येष्ठांच्या बचत योजनेत आता तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. म्हणून मी म्हणेन, निवृत्तीच्या पैशाचा कणा तिकडे ठेवा आणि सहकारी बँकेत विम्याच्या हिशेबाने ठेवा. सहकारी बँकांना वाळीत टाका असं मी म्हणत नाही. पोळीभाजी केंद्राला आणि रिक्षावाल्याला कर्ज द्यायला अजूनही त्याच पुढे असतात.

घाईने ठेवी मोडण्याबद्दलही दोन शब्द. २००७ साली इंग्लंडात नॉर्दर्न रॉक बँकेसमोर रांगा लागल्या. तिथल्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिले दोन हजार पौंड पूर्ण सुरक्षित होते आणि त्यापुढच्या तेहतीस हजारांपैकी नव्वद टक्के. उरलेल्या दहा टक्क्यांच्या धास्तीने माणसं पहाटेपासून उभी राहिली, आणि त्या रांगेनेच बँक आणखी खचली. विम्याची मर्यादा स्पष्ट आणि पुरेशी असली की रांगा लागत नाहीत. ज्याचे पैसे मर्यादेत आहेत त्याने अफवेवर धावू नये. धावायचं कारण आधीच काढून टाकणं हाच शहाणपणा.

शेवटी सभासदांसाठी. तुमच्यातले कित्येक जण सहकारी बँकेचे सभासद आहात, जूनपासून अहवाल घरी येतील. लाभांश किती, हे बघून आपण अहवाल रद्दीत टाकतो. त्यात हिशेबाच्या टिपांमध्ये एक ओळ छापलेली असते: सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जांपैकी किती टक्के. शेजारी सर्वांत मोठ्या वीस ठेवीदारांचीही ओळ असते. हे दोन आकडे मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून बघा. वाढले असतील तर सभेत उठून कारण विचारा. पीएमसीत आकडेच खोटे होते, मग याचा काय उपयोग, असं कुणी म्हणेल. उपयोग असा की प्रश्न विचारणारे सभासद असले म्हणजे खोटं सांगायलाही जोखीम घ्यावी लागते. लेखापरीक्षक आणि रिझर्व्ह बँकेचे निरीक्षक येऊन जातात. सभासद मात्र गावातच राहतात.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे. मर्यादा एकदा सत्तावीस वर्षं गोठली होती. पुन्हा गोठू नये म्हणून तिची दर काही वर्षांनी महागाईप्रमाणे फेरतपासणी व्हावी, ती कायद्यात लिहिलेली असावी, आणि सोसायट्यांसारख्या संस्थांच्या ठेवींना वेगळा विचार मिळावा. पीएमसीच्या खातेदारांनी रस्त्यावर उतरून आरडाओरडा केला, त्याच काळात पाच लाखांची मर्यादा आली आणि पुढे नव्वद दिवसांचा नियम आला. त्यांच्या हालांवर आपल्याला हा हक्क मिळाला आहे. तो वापरायचा कसा, हे आज समजून घेतलंत. आता यापुढचा हक्क मिळवायला पुन्हा एखादी बँक बुडायची वाट बघू नका, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.